महागातलं तेल

जुन्या गाडीत कुठलं तेल टाकायचं, हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना उत्तर नको असतं. मोबाइलवर बघून त्यांचं आधीच ठरलेलं असतं, फक्त ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. कुणाच्या साडूने पातळ तेल टाकून ॲव्हरेज वाढवलेलं असतं, कुणाला सिंथेटिकच पाहिजे असतं. मी सगळ्यांना एकच सांगतो. जुनं इंजिन म्हणजे मातीच्या भिंतीचं घर. आत घासून घासून फटी पडलेल्या असतात, त्या फटींत वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसलेला असतो, आणि तो गाळच भिंतीचा गिलावा झालेला असतो. अशा गाडीला साधं, जाड, स्वस्तातलं तेल लागतं. नव्या मोटारीचं महागडं पातळ तेल त्यात ओतलं, तर गिलावा धुऊन निघतो आणि भिंत खाली येते. एवढं ऐकून घेतात आणि मग म्हणतात, तरीपण सिंथेटिकच टाका.

हे मला शिकवलं जयरामदादांनी. आणि त्याच जयरामदादांच्या गाडीत मी मे महिन्यातल्या एका शनिवारी दुकानातलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात पातळ तेल टाकलं. चुकून नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको.

माझं नाव ललित. मूळ सुरगाण्याकडचा, डोंगरातला. सोळाव्या वर्षी निफाडला द्राक्षबागेत मजुरीला आलो. तिथे मालकाचा फवारणीचा पंप बंद पडला होता, तो मी तारेचा तुकडा लावून चालू केला. दादांचं गाव तिथलंच, रविवारचे आले होते, त्यांनी ते बघितलं. मला गाडीवर मागे बसवून अंबडला आणलं, ओळखीच्या गॅरेजमध्ये चिकटवलं, आणि पुढे शेड टाकायला जागाही बघून दिली, त्यांच्या स्वतःच्या घरापासून चार घरं सोडून. आणलं तेव्हा माझ्या अंगात शर्ट नव्हता, तो त्यांनी आपला काढून दिला. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं त्यांनी पुढची बत्तीस वर्षं माझ्या एकेका गिऱ्हाइकाला सांगितलं.

दादा कंपनीत ऑइलमन होते. हातात तेलाची झारी घेऊन मशीन-मशीन फिरायचं, सांध्यासांध्यात तेल सोडायचं. लोक या कामाला हलकं समजायचे, दादा समजायचे नाहीत. साहेब रजेवर गेला तर कंपनी चालते, ऑइलमन रजेवर गेला तर चालत नाही, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. नवीन तेल आलं की ते त्यात बोट बुडवायचे, अंगठ्यावर चोळायचे, उन्हात धरायचे, नाकाशी न्यायचे आणि मग निकाल द्यायचे. तेल पास झालं तर बोटं स्वतःच्या नडगीला पुसायचे, चांगलं तेल वाया कशाला घालवायचं म्हणून. नापास झालं तर ज्याने आणलं असेल त्याच्या शर्टाला पुसायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांची कंपनी म्हणजे माझं गॅरेज झालं. एकोणनव्वद सालची लाल टाकीची शंभर सीसीची मोटरसायकल घेऊन यायचे, बाकावर बसायचे आणि मी कुणाच्याही गाडीत तेल ओतायला घेतलं की हाक मारायचे, "ललत्या, आण इकडं." चाळिशी ओलांडलेला माणूस मी, दोन कारागीर हाताखाली, आणि सगळ्यांसमोर झाकणात तेल घेऊन त्यांच्यापुढे उभा राहायचो. बत्तीस वर्षांत माझ्या शर्टाला बोटं पुसली ती पाच वेळा. पाचही वेळा त्यांचं बरोबर होतं, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. एखादा माणूस आपल्याला चुकीचा बोलला तर त्याला शिव्या तरी देता येतात.

पाचवी वेळ गेल्या हिवाळ्यातली. माझ्या मुलीला, सविताला, बघायला दिंडोरीकडचे पाहुणे आले होते. मुलगा अंबडमध्येच डिप्लोमावर नोकरीला. घरी चहापाणी झाल्यावर मुलाच्या बापाला गॅरेज बघायची हौस आली. मी नवा पांढरा शर्ट घातलेला, दादा बाकावर. पाहुण्यांसमोर रुबाब म्हणून मी एका गिऱ्हाइकाच्या जुन्या स्कूटरमध्ये तेल टाकायला घेतलं आणि घाईत भलताच डबा उघडला. दादांनी हाक मारली. बोट बुडवलं, चोळलं, उठले आणि माझ्या छातीवर दोन तेलकट रेघा ओढल्या. वर पाहुण्यांना सांगितलं, "याला मी निफाडहून आणला तवा अंगात शर्ट नव्हता. आता हाय, तर पुसायला बरा पडतो." पाहुणे पोट धरून हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आमच्यात पत्रिका बघतंय कोण? सविता म्हणाली बरं झालं, मला तो मुलगा आवडलाच नव्हता, आणि ती विसरूनही गेली. मी विसरलो नाही. तो शर्ट मी धुवायला दिला नाही, तसाच घडी करून कपाटात ठेवला आणि अधूनमधून काढून बघत राहिलो.

दादांना दोन मुलं. थोरला सनी, एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे, गल्लीत नमस्कार-चमत्कार चोख, आवाज कधी चढत नाही. धाकटी स्नेहा. आठ वर्षांपूर्वी स्नेहाने पिंपळगाव बसवंतच्या स्वराजशी लग्न केलं. स्वराज शीतगृहाचा टेम्पो चालवतो. जात एक, समाज एक, पण सनीला टेम्पोवाला मेहुणा नको होता. शिकलेल्या घरातून पोरगी टेम्पोत जाऊन बसली, हे त्याने मनाला लावून घेतलं आणि गल्लीत सांगून टाकलं की मला बहीण नाही. यशोदाबाई, म्हणजे दादांची बायको, होत्या तोवर त्या लेकीला कुठे कुठे चोरून भेटायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि दर रविवारी दादा गाडीला किक मारून पिंपळगावला जायला लागले. नऊला निघायचे, संध्याकाळी परत. तिथे नात होती, साक्षी, सहा वर्षांची. त्या एका वारासाठी म्हातारा उरलेले सहा वार काढत होता, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं. बस त्यांना चालायची नाही, बसमध्ये आपल्या वेळेने निघता येत नाही म्हणायचे. गाडी होती म्हणून लेक होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सनी दुपारचा गॅरेजवर आला. कारागीर जेवायला गेले होते, ती वेळ त्याने बरोबर गाठली. आधी तब्येतीचं बोलला, मग उन्हाचं, मग बाबांच्या नजरेचं. महामार्गावर केवढाले कंटेनर असतात, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने त्यात जावं का, वगैरे. मी स्पॅनर पुसत ऐकत होतो. मग तो मुद्द्यावर आला.

"काका, बाबांची गाडी बंद पाडता येईल? म्हणजे पुन्हा कधी चालू होणार नाही, अशी. पण कुणी पाडली असं वाटायला नको."

काळजी त्याच्या डोळ्यांत थोडीही नव्हती. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. गाडीचा मीटर माझ्यासमोर असायचा. दर रविवारी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, एक रविवार चुकलेला नाही. सनीला काय बंद पाडायचं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. त्याऐवजी मला तो पांढरा शर्ट आठवला आणि मी म्हणालो, होईल.

त्याला समजावूनही सांगितलं, मास्तराने सांगावं तसं. आधी इंजिन धुवायचं औषध टाकायचं. छत्तीस वर्षांचा गाळ सुटतो. मग मोटारीचं एकदम पातळ, सिंथेटिक तेल. क्लच घसरायला लागेल, धूर येईल, सगळीकडून ठिबकेल आणि एक दिवस गल्लीतच गाडी मान टाकेल. कुणी विचारलं तर डबा दाखवायचा. दुकानातलं सगळ्यात महागाचं तेल टाकलंय, अजून काय करणार? सनीला हे फार आवडलं. बाबांना लागणार वगैरे नाही ना, एवढं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. सुटलेला गाळ कुठे जातो? खाली जाळीवर येऊन बसतो. जाळी तुंबली की तेल वर चढत नाही. गल्लीत हे झालं तर गाडी बंद पडते. पण मेच्या उन्हात, महामार्गावर, साठच्या वेगात झालं, तर पिस्टन तिथल्या तिथे जाम होतो आणि मागचं चाक धरून ठेवतो. हे मला नुसतं ठाऊक नव्हतं, मी असे दोघं-तिघं उचलून आणलेले बघितले होते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गाडी तिथवर पोचणारच नाही. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

शनिवारी सकाळी दादा आले. उद्या साक्षीचा वाढदिवस, म्हणून आजच तेल बदलून घ्यायचं होतं. मी तयारीत होतो. त्यांच्या बोटासाठी म्हणून नेहमीचं जाड तेल झाकणात वेगळं काढून ठेवलं होतं. ते पास करतील आणि मी दुसरंच ओतीन, असा माझा बेत. पण ते बाकावर बसलेच नाहीत. मेनरोडला नातीसाठी फ्रॉक घ्यायचा होता, ऊन व्हायच्या आत जाऊन येतो म्हणाले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते गाडी माझ्याकडे सोडून गेले.

मी औषध टाकलं आणि इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. खालचा नट काढला तर नुसतं डांबर. थोडं बाहेर आलं, बरंचसं आत सुटून तरंगत राहिलं, ते मला हवंच होतं. जाळी काढून साफ करायची असते, ती मी काढली नाही. मग पातळ तेल ओतलं. पाण्यासारखं गेलं.

दादा अकराच्या सुमाराला रिक्षाने परत आले. हातात पिशवी, पिशवीत गुलाबी फ्रॉक. मी झाकण पुढे केलं. त्यांनी बघितलं आणि हात मागे घेतला.

"नको. हाताला लागंल आन् फ्रॉकला डाग पडंल. आणि तुझं आता काय बघायचं राहिलं, ललित?"

ललत्या नाही, ललित म्हणाले. बत्तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते त्यांनी असं जाता जाता देऊन टाकलं, आणि नेमकं त्या दिवशी. मला तिथेच नट काढून सगळं तेल सोडून देता आलं असतं. दादा, थोडा वेळ बसा, एक काम राहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. उलट त्यांनी किक मारल्यावर कान दिला आणि आवाज वेगळा येतोय म्हणाले, तेव्हा मी हसून सांगितलं की तेल महागातलं टाकलंय, माझ्याकडून भेट, नातीच्या वाढदिवसाची. नवीन आहे, बसेल हळूहळू. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जय भीम केला आणि गाडी गल्लीत वळवली. मी त्या दिवशी दुपारी व्यवस्थित जेवलो, झोपलोही.

रविवारी दहाच्या सुमाराला, ओझर सोडून पुढे पिंपळगावच्या अलीकडे, गाडी जाम झाली. क्लच दाबायला वेळच मिळाला नाही. मागचं चाक अडकलं, गाडी फरफटत दुभाजकावर गेली आणि दादा उजव्या अंगावर पडले. मागून कांद्याचा टेम्पो येत होता. त्या पोराने ब्रेक दाबून टेम्पो आडवा घातला म्हणून जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं. पिशवी हँडलला होती, ती टेम्पोवाल्याने त्यांच्या उशाशी ठेवली आणि पिंपळगावातल्या एका दवाखान्यात नेऊन सोडलं. स्नेहा सगळ्यांच्या आधी पोचली.

सनीचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू, पण लटपटत होता. "काका, तुम्ही तर म्हणाला होतात नुसती बंद पडेल."

"बंदच पडली," मी म्हणालो.

सोमवारी स्वराज गाडी टेम्पोत घालून माझ्या दारात उतरवून गेला. सरळ माणूस. मला म्हणाला, काका, स्नेहाने सांगितलंय, आतलं तेल बाटलीत काढून ठेवा, ती बघणार आहे. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि नट काढला. जे आलं ते तेल नव्हतं. जळका वास, आणि त्यात चांदीसारखा चकाकणारा चुरा, पिस्टनचा. जाळीवर गाळाचा थर, हाताने खरवडावा एवढा. ते सगळं मी गटारात ओतलं आणि वरून दोन बादल्या पाणी टाकलं. मग बाटलीत नेहमीचं जाड तेल घेतलं, वापरलेलं वाटावं म्हणून दुसऱ्या गाडीतलं काळं थोडं मिसळलं आणि बूच लावलं. एखादं काम नीट जमतंय म्हटल्यावर माणसाला जे समाधान वाटतं ते मलाही वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

बुधवारी ती बाटली घेऊन दवाखान्यात गेलो. दादांच्या उजव्या पायाला वजन टांगलेलं होतं. चेहरा एवढासा झाला होता. सनी खिडकीपाशी उभा, स्नेहा पलंगाशी. दोघं भाऊ-बहीण आठ वर्षांनी एका खोलीत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. उशाशी गुलाबी फ्रॉकची पिशवी तशीच.

स्नेहाने मला बसायलाही सांगितलं नाही. "काका, छत्तीस वर्षांत ही गाडी कधी जाम झाली नाही. तुम्ही तेल बदललं आणि दुसऱ्या दिवशी झाली. ही बाटली मी तपासायला देणार आहे. काही निघालं तर पोलिसांत जाईन, कोण आहे ते बघणार नाही." शेवटचं वाक्य तिने सनीकडे बघून म्हटलं. म्हणजे तिला वास लागला होता. सनीने घाम पुसला. माझ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हा दादा बोलले. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट. "बाहेर कशाला द्यायचं? मी मेलो नाय अजून. आण इकडं."

मी बाटलीतलं तेल वाटीत ओतलं आणि पुढे धरलं, जसं बत्तीस वर्षं धरत आलो. त्यांनी बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. खिडकीच्या उजेडात धरलं. नाकाशी नेलं. खूप वेळ घेतला. मग त्यांनी सनीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मला तेव्हाच कळलं की त्यांना सगळं कळलंय. नुसतं तेलाचं नाही, ते कुणी सांगितलं आणि कुणी टाकलं तेही.

"पास," दादा म्हणाले. "तेल एक नंबर हाय. चूक माझी. मी लय जोरात होतो."

स्नेहाला पटलं नाही. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. त्या घरात वाढलेली पोर, तिला ठाऊक होतं की निकाल तोंडाने लागत नाही, बोटं कुठे पुसतात त्यावर लागतो. दादांनी हात डाव्या पायाकडे न्यायचा प्रयत्न केला. पोचला नाही. दुखून तोंड वाकडं झालं. मग ते तिला म्हणाले, "तू लाव गं माझ्या पायाला. वाकता येत नाय." स्नेहाने त्यांचं बोट आपल्या पदराने नाही पुसलं. हाताच्या ओंजळीत धरून त्यावरचं तेल आपल्या बोटावर घेतलं आणि त्यांच्या नडगीला चोळलं, हळूहळू, मालिश करावी तसं. ते करता करता ती रडायला लागली आणि मला म्हणाली, "चुकलं माझं, काका. माफ करा." आणि डॉक्टरांना भेटायला बाहेर गेली. सनीही तिच्या मागून सटकला.

आम्ही दोघंच राहिलो. दादांनी मला जवळ बोलावलं. मी वाकलो.

"जाम झालेल्या इंजिनाच्या तेलात चुरा असतो. एवढं तर मी तुला शिकवलं होतं."

मी वाटीतलं तेल परत बाटलीत ओतू लागलो.

"पोलीस आले तर सनीला नेतील. मग मला हागायला-मुतायला कोण उचलंल? पोरीच्या एका खोलीत माझी खाट मावत नाय." ते थांबले, दम घेतला. "म्हणून पास."

अंगठ्यावर तेल राहिलं होतं. तो त्यांनी माझ्या शर्टाला पुसला, छातीवर, खिशाच्या वर, दोनदा. मग मान भिंतीकडे वळवली. मी बाहेर आलो तेव्हा स्नेहा डॉक्टरांच्या दाराशी उभी होती, तिने पुन्हा हात जोडले.

तीन आठवड्यांनी सनीने त्यांना घरी आणलं. दवाखान्याच्या फाटकात त्याने स्नेहाला सांगितलं की आता घरी येऊन तमाशा करायचा नाही, बाबांना त्रास होतो. आतल्या खोलीत खाट टाकली आहे. मी एकदाच गेलो. सनी त्यांना कूस बदलून देत होता, पोतं वळवावं तसं. मला बघून त्याने पडदा ओढला आणि बाहेर येऊन नेहमीच्या हळू आवाजात चहा घेणार का विचारलं. चांगला सांभाळतो बापाला, असं गल्ली म्हणते. गल्लीकडच्या खिडकीत त्याने कूलर बसवला आहे. तो दिवसभर घरघरतो, बाहेरचं काही आत ऐकू जात नाही. गाडी माझ्याकडेच शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. भंगारात घाला म्हणून सनीने दोनदा सांगितलं. मी घातली नाही, आणि पुन्हा उघडलीही नाही.

स्नेहा दर रविवारी येते. स्वराजच्या जुन्या स्कूटरवर, मागे साक्षी, गुलाबी फ्रॉक घालून. घरासमोर थांबते, दोनदा हॉर्न वाजवते. कूलर चालू असतो. सनी दारात येऊन सांगतो, बाबा झोपलेत. मग ती चार घरं पुढे येऊन माझ्याकडे बसते, दादांच्याच बाकावर, आणि मला विचारते, काका, कसे आहेत बाबा? मी म्हणतो, बरे आहेत. काल मला दिसले होते, असंही एकदा म्हणालो, दिसले नव्हते तरी. तिला तेवढंही पुरतं.

परवाच्या रविवारी तिने स्कूटरचं तेल बदलायला सांगितलं. जुनी गाडी आहे काका, तुम्हीच ठरवा कुठलं टाकायचं ते. मी जाड तेलाचा नवा डबा तिच्यासमोर फोडला, झाकणात थोडं घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. कधी कुणापुढे केली नसेल एवढी विनवणी मी केली. म्हणालो, स्नेहा, बोट लावून बघ. तुला येतं बघायला.

ती हसली. "बाबांनी शेवटचं तेल पास केलं ते तुमचं, काका. मी कशाला बघू?"

साक्षी बाकावरून पाय हलवत माझ्याकडे बघत होती. मी झाकणातलं तेल गाडीत ओतलं, मग डब्यातलं. तेल योग्यच होतं. ते तिने बघितलं नाही.